सावडीचा रेडा

विठ्ठलवाडीचा गोविंदा रेडा आणायला खडवलीला गेला, तेव्हाची ही गोष्ट. शके अठराशे सात, वैशाख वद्य चतुर्दशी, वार बुधवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या. तिथी मला पक्की ठाऊक आहे, कारण गोविंदानं मला ती तीन वेळा सांगितली आणि तिन्ही वेळा तीच सांगितली. थापा मारणाऱ्याची तिथी दर खेपेला बदलते. तेव्हा ज्यांना हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या, पुढं मला मध्ये बोललेलं चालणार नाही. आणि तुमच्यातलं कुणीतरी राशीकडं तोंड करून बसा रे. खळ्याची राखण करायला आलोय आपण, माझं तोंड बघायला नाही.

गोविंदा वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगतो. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. हा आपल्यासारखाच होता. चार खाचरं, एक रेडा, बायको गोदा आणि पावसाळ्यापुरती जमणारी हिंमत. एका रेड्यानं नांगर चालत नाही, म्हणून त्याची शेजारच्या जोमाशी सावड होती. जोमाकडंही एकच रेडा. मृग लागला की दोघांचे दोन रेडे एका जुवाखाली यायचे, आधी एकाची खाचरं नांगरून व्हायची, मग दुसऱ्याची. बारा वर्षं असं चाललेलं. नांगराच्या मागं कायम जोमा. गोविंदा बांध घालायचा, पाणी वळवायचा, कोपरे कुदळीनं खणायचा. जोमाच्या हाळीसारखी हाळी विठ्ठलवाडीत कुणाची नव्हती. नाकातून निघायची, लांबत जायची आणि शेवटी मध्येच तुटायची. ती तुटली की रेडे पाऊल टाकत. कल्याणच्या वेशीवर उभं राहिलं तरी ऐकू येई, असं लोक म्हणत. थोडं वाढवूनच म्हणत असतील.

माघात जोमा तापानं गेला. आठ दिवसांत आटोपला. मागं बायको सगुणा, दोन लहान मुली, खाचरं आणि तो एक रेडा. जाताना त्यानं गोविंदाकडं काही मागितलं नाही, वचन नाही की शपथ नाही. सावड होती, त्यात मागायचं काय?

सावड मोडली असं तोंडानं कुणी म्हणत नाही, माणूस नुसता दिसेनासा होतो. फाल्गुनात सगुणानं भाताच्या रोपांची जागा भाजायला, राबासाठी, पालापाचोळा गोळा केला, तेव्हा गोविंदाच्या पायात काटा मोडला होता. चैत्रात तिनं एकटीनं राब भाजला, तेव्हा त्याला ठाण्याला काम निघालं. मनात हिशेब चाललेला. बाईमाणूस नांगर धरत नाही, म्हणजे रेडा तिचा पण राबणारा मी एकटा. तिची खाचरं आधी केली तर माझी मागं पडणार, आणि पाऊस काही माझ्यासाठी थांबणार नाही. यातलं खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर त्याला ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायला बरं पडायचं.

शेवटी त्यानं ठरवलं, एक दुसरा रेडा घ्यायचा. म्हातारा, वापरलेला का असेना, पण आपला. घरची जोडी झाली की सावडीचा प्रश्नच मिटला. सगुणाचा रेडा तिच्या गोठ्यात उभा राहील आणि तिची खाचरं तशीच पडतील. भात नाही पेरलं तर वर्षभर त्या तीन जिवांनी खायचं काय, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला की तो उठून दुसरं काहीतरी करायला लागायचा.

निघताना गोदानं विचारलं, "सगुनाला सांगितलास?"

"आल्यावर सांगेन."

"काय सांगशील?"

यावर गोविंदा अंगणात गेला आणि उगाच काठी शोधू लागला.

सगुणाला त्यानं सांगितलं होतं की खडवलीला नात्यातलं लग्न आहे. तर ती पहाटेच दारात हजर. हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकरी आणि भाजलेले सुके बोंबील. "भावजी, लग्नाचा जेवन रातीचा असंल, वाटंत भूक लागंल. आनि लवकर या. मिरीग जवळ आला, जू बघायला पायजे एकदा." गोविंदानं फडकं घेतलं. तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. हे त्यानं मला सांगितलं तेव्हासुद्धा तो माझ्याकडं बघत नव्हता.

खडवलीला रघु नावाचा म्हातारा होता. त्याचा मुलगा रेल्वेच्या कामावर लागलेला, घरात नांगर धरायला कुणी उरलं नव्हतं. रेडा अंगणात बांधलेला. मंग्या त्याचं नाव. गोविंदानं दात बघितले, खूर दाबून बघितले, डोळ्यांपुढून हात फिरवला, कोस दोन कोस चालवून आणला. वय झालं होतं, पण छाती रुंद, आणि मानेवर जुवाचा घट्टा असा की हात ठेवला तर दगडावर ठेवल्यासारखा वाटावा. पाच-सहा पावसाळे अजून सहज काढले असते त्यानं.

रघु सरळ माणूस. खोड लपवली नाही. "पान्यात बसतो. बसला म्हंजे मनात येईल तवाच उठतो. मारून उपेग नाय."

"उठवीन मी."

"जोडी कुनासंगं लावशील?"

"माझाच एक हाय घरी."

"मंग सावडीचा नाय?"

"व्हती सावड," गोविंदा म्हणाला. "मोडली."

"कुनी मोडली?"

"मेला तो."

रघु त्याच्याकडं बघत राहिला. "मानूस मेला म्हंजे सावड मरती का रं?" एवढंच म्हणाला आणि दावं सोडायला वाकला. विकलेल्या जनावराचं दावं घरीच ठेवायचं असतं, म्हणून गोविंदानं आणलेली नवी दोरी मंग्याच्या गळ्यात पडली. रघुच्या बायकोनं मंग्याच्या पायांवर पाणी घातलं, मूठभर तांदूळ चारले आणि तोंड फिरवून आत गेली. म्हातारी माणसं, बोलायचीच काहीतरी, असं गोविंदानं मनाशी म्हटलं. पण ते वाक्य त्याच्या पाठोपाठ निघालं.

रेड्याला ऊन सोसत नाही, तेव्हा दिवस मावळल्यावरच निघणं भाग होतं. रघुकडं चार घास खाऊन गोविंदा आठाच्या सुमाराला वाटेला लागला. सगुणाच्या भाकरीचं फडकं तसंच काखोटीला. दुपारी भूक लागली होती, पण ते सोडायला हात धजला नव्हता.

चांदणं नाही. रेल्वेच्या कडेकडेनं गाडीवाट, तारेचे खांब, आणि त्या तारा रात्रीच्या उगीचच गुणगुणतात ते एक. बाकी सगळं निवांत. मंग्या डुलत डुलत चाललेला. गोविंदाला बरं वाटू लागलं होतं. आपला रेडा. कुणाची मिंधेगिरी नाही. मृगाला सगळ्यांच्या आधी नांगर घालू, असं मनात म्हणत तो काळू नदीवर आला.

टिटवाळ्याच्या अलीकडे उतार आहे, तो तुम्हांला माहीत आहे. वैशाखात गुडघाभर पाणी. रेल्वेच्या पुलावरून रात्रीची मालगाडी नुकतीच गेली होती, म्हणजे अकराचा सुमार. मंग्या पाण्यात उतरला, चार पावलं गेला आणि बसला.

गोविंदानं ओढला. चुचकारला. शेपटी पिरगाळली. काठीनं दोन दिल्या. मंग्यानं नुसतं नाक वर धरलं आणि डोळे मिटले. मग गोविंदानं काय केलं असेल? काखोटीचं फडकं सोडलं आणि सगुणानं दिलेली भाकरी त्याच्या तोंडापुढं धरली. रेड्यानं ती हुंगली. आणि तोंड फिरवलं.

अर्धा तास गेला. गोविंदा काठावरच्या दगडावर बसला, पाय पाण्यात. आता काय पहाटेपर्यंत इथंच, असं म्हणून त्यानं अंगावर घोंगडी ओढली.

तेव्हा पलीकडच्या काठावरून हाळी आली.

नाकातून निघालेली. लांबत गेलेली. आणि शेवटी… तुटलेली.

"हैऽऽऽऽ हो… हाऽऽल रं—"

मंग्या उठला. बारा वर्षं त्याच हाळीवर चालल्यासारखा उठला आणि पाणी कापत पलीकडं निघाला. दोरी गोविंदाच्या हाताला गुंडाळलेली. तो फरफटत मागं.

आता माणूस अशा वेळी काय करतो? पळतो म्हणाल. गोविंदाला पळायचं सुचलंच नाही. त्याला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. कानांना ओळखीचा आवाज, इतक्या महिन्यांनी. काठावर चढेपर्यंत त्याला बरंच वाटत होतं. मग अंगातला घाम गार झाला.

काठावर कुणी दिसत नव्हतं. करंजाची चार झाडं, त्यांच्याखाली काळोख. आवाज त्या काळोखातून आला. अगदी रोजचा, बांधावर बसून बोलावा तसा.

"गोविंदा… रेडा कुनाचा रं?"

"रगूचा…" गोविंदा काळोखाकडं बघत म्हणाला. "खडवलीच्या."

"आनि आता कुनाचा?"

गोविंदानं दोरीचा आणखी एक वेढा हाताला दिला.

तारा गुणगुणत होत्या. त्यासुद्धा थांबल्या.

"कुनासाठी घेतलास?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. माझ्यासाठी. एवढं म्हणायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. गोविंदा मला म्हणाला, "मी त्याला भिऊन खोटा बोललो असतो तर गोष्ट येगळी व्हती. मना भीती नाय वाटली, मना लाज वाटली. बारा वरसं ज्याच्या संगं एका ताटात जेवलो, त्याला कसा सांगू?"

म्हणून तो म्हणाला, "सगुनावयनीसाठी."



मग करंजाखालून एक लांब श्वास. भार खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा.

"मना वाटलाच व्हता," जोमा म्हणाला. "तू इसरनार नाय… मना वाटलाच व्हता."

त्यानं शिवी दिली असती तर गोविंदा वाचला असता, असं मला वाटतं. गळा धरला असता तरी चाललं असतं. त्यानं विश्वास ठेवला. मेलेल्या माणसानं जिवंत माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तो शब्द खोटा होता. गोविंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तोंड उघडलं, "जोमा… आरं ऐक, मी…"

"चल. उशीर नको. सगुना वाट बगत आसंल."

"आरं पन—"

"हैऽऽऽऽ हो…"

या वेळी आवाज मागून आला.

मंग्या चालू लागला. गोविंदाही. दोरी हातात, मंग्या उजवीकडं, हा डावीकडं. मागं कुणीतरी. पावलांचा आवाज मंग्याचा आणि ह्याचा, एवढाच. मागं पाऊल वाजत नव्हतं. हाळी तेवढी. टिटवाळा मागं पडलं. कुत्रं भुंकलं नाही. एका ओसरीवर म्हातारा विडी ओढत बसलेला. तो समोरून चाललेल्या रेड्याकडं न बघता दुसरीकडंच बघत राहिला.

गोविंदानं पुन्हा एकदा खरं बोलायचं धरलं. "जोमा, मी लबाडी…"

"हैऽऽ हो…"

शब्द घशातच राहिला. पाय मात्र पुढं पडला.

मग त्याच्या लक्षात आलं की मानेवर काहीतरी आहे. आधी वाटलं घोंगडी. घोंगडी तर केव्हाच गळून पडली होती. ओझं होतं. मानेच्या मागं, खांद्यांच्या मधोमध, आडवं. हात वर करून बघावं तर हात वर जाईना. मान वळवावी तर वळेना. समोरचं तेवढं दिसत होतं. वाट, अंधार, आणि डोळ्यांच्या कडेला मंग्याचं शिंग.

मंग्याची मानही तेवढीच वाकलेली.

दोघांची पावलं एका ठेक्यात पडत होती. त्यानं पाऊल चुकवायचा प्रयत्न केला. चुकेना.

आणि मागून जोमा म्हणाला, अगदी प्रेमानं…

"डाव्या… वढ रं जरा. नुसता चालतंस कनाला?"

मंग्या उजवीकडं होता, पोरांनो.

डावीकडं कोण होतं?

…

गोविंदानं ओढलं. त्याला ओढावंच लागलं. काय ओढत होता त्याला ठाऊक नाही. मागं काहीतरी जड, जमिनीत रुतणारं. छाती फुटायची वेळ आली. डोळ्यांतून पाणी. आंबिवली केव्हा गेली, आठवत नाही. मोहन्याला उल्हास नदी केव्हा उतरला, आठवत नाही. कमरेपर्यंत भिजला होता, एवढंच खरं. कल्याणात देवळाची घंटा वाजली. तो थांबला नाही, त्याला थांबू दिलं नाही. हाळी आली की पाऊल, पाऊल पडलं की हाळी.

तिसऱ्यांदा त्यानं खरं बोलायचं धरलं ते विठ्ठलवाडीच्या वाटेवर. घर दिसत होतं. उजाडायला थोडाच वेळ. डावीकडं त्याची गल्ली, उजवीकडं जोमाची. तोंड उघडतानाच त्याचा पाय आपणहून डावीकडं वळला. घराकडंच वळणार ना माणूस?

"फिर रं…"

पाय थांबला.

"फिर."

दोघं एकदमच फिरले. मंग्या आणि तो. शेताच्या टोकाला जोडी फिरते तशी, उजवीकडं.

मग हाळी नाही. आवाज नाही.

सगुणाच्या अंगणात तो उभा होता. मंग्या शेजारी, दोघांच्या छात्या एकसारख्या वरखाली होत होत्या. गोठ्यातून जोमाच्या रेड्यानं मान बाहेर काढली आणि मंग्याला हुंगलं. पूर्वेला फटफटत होतं.

सगुणा सडा घालायला बाहेर आली. बादली हातातच राहिली.

"भावजी? आनि यो रेडा…?"

आता मागं कुणी नव्हतं. मान मोकळी होती, तोंडही मोकळं होतं. खरं बोलायला ह्याहून बरी वेळ मिळणार नव्हती. माझा हाय, वाट चुकलो, पानी द्या जरा, असं म्हणून तो गल्ली ओलांडून घरी गेला असता, तर त्याला कुणीही अडवलं नसतं.

"तुमचा हाय, वयनी," तो म्हणाला. "जोडी झाली तुमची. मिरगाला आधी तुमचीच खाचरां."

ते भीतीनं म्हणाला की लाजेनं, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही. चांगुलपणानं म्हणालो नाही, एवढं मात्र त्यानं मला बजावून सांगितलं.

सगुणानं बादली खाली ठेवली. पदर तोंडाला लावला. आणि मग ती काय बोलली, ते ऐका.

"मना माफी करा, भावजी. मी तुमच्यावर वहीम घेतला. लोक म्हंत व्हते, गोविंदा सावड मोडनार, खडवलीला सोतासाठी रेडा बगाया गेला. मी रातभर तुमाला बोल लावत व्हते. मी पापी हाय. माफी करा मना."

आणि ती वाकली. त्याच्या पायांवर.

गोविंदा मला म्हणाला, "नदीवरचा सगला मी सोसला रं. ह्ये नाय सोसला." त्यानं पाय मागं घेतले, भिंतीला पाठ लागेपर्यंत घेतले. ती माफी मागत होती आणि तिचा वहीम खरा होता. बोलायचं त्याच्या ओठांवर आलं. पण त्या दोन मुली दारात येऊन उभ्या राहिलेल्या, धाकटी मंग्याच्या नाकाला हात लावून हसत होती. कोणत्या तोंडानं सांगणार? तो नुसता "उठा वयनी, उठा" म्हणत राहिला.

त्या मृगाला त्यानं सगुणाची खाचरं आधी नांगरली. नंतर दर वर्षी. नांगराच्या मागं तो स्वतः असे, हाळी मात्र कधी दिली नाही. जिभेनं टकटक करून रेडे चालवायचा. सगळ्या गावात त्याचं नाव झालं. सोबत्याच्या विधवेला स्वतःच्या पदरचा रेडा दिला, वाटेवर रात्र काढून आणून दिला, सोबती असावा तर असा! देवळात चार माणसं जमली आणि हा विषय निघाला की गोविंदा उठून जायचा. लोक म्हणायचे, बघा, किती साधा माणूस, स्तुती ऐकवत नाही. मीसुद्धा म्हणायचो. कसली स्तुती आणि कसलं काय! त्या माणसाला दर खेपेला चाबूक बसत होता आणि आम्ही तो हौसेनं ओढत होतो.

मला हे त्यानं सांगितलं ते शेवटच्या आजारात. चार वर्षं झाली त्याला. तीन रात्री मी त्याच्या उशाशी बसलो आणि तिन्ही रात्री त्यानं तेच सांगितलं. मी त्याला म्हटलं, "गोविंदा, ताप आहे तुला. आणि खोटं बोललास तरी वागलास खरंच ना? मग झालं." तो म्हणाला, "ती माझ्या पाया पडली, त्याचा काय करू?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असलं तर उद्या सकाळी सांगा, आत्ता नको.

त्याच पहाटे तो गेला.

आंघोळ घालायला आम्ही चौघं होतो. गोविंदाला एक सवय होती, उन्हाळा असो की पावसाळा, गळ्याभोवती उपरणं. घामानं निथळला तरी काढायचा नाही. आम्हांला वाटायचं, थंडी बाधत असेल. गोदानं आम्हांला सांगितलं, "ते ऱ्हाऊ द्या." पण आंघोळ घालायची तर कसं राहू द्यायचं? मी मान उचलून धरली आणि दुसऱ्यानं उपरणं सोडलं.

मानेच्या मागं, खांद्यांच्या मधोमध, घट्टा होता. वीतभर लांब, आडवा. काळा, बिनकेसाचा, टाचेच्या कातड्याहून जाड. मी बोटानं दाबला. दगड. जन्मभर नांगर केलाय मी, असे घट्टे शेकड्यांनी बघितलेत, हातानं तेल चोळलंय त्यांना. एका रात्रीच्या ओझ्यानं असा पडत नाही. सात-आठ पावसाळे जुवाखाली जावे लागतात. आणि गोविंदानं आयुष्यात कधी जू खांद्यावर वाहिलेलं मी पाहिलं नाही, रेडे होते की जुवाला!

चौघांनी एकमेकांकडं बघितलं.

तेवढ्यात सगुणा दारात आली. "माझा भाव गेला रं…" म्हणत, धाय मोकलून. तिला तोंड बघायचं होतं. पाय धरायचे होते शेवटचे. ती आत यायला लागली…

मी उपरणं वर ओढलं.